टिकली, समुद्र आणि पाच अतिचार



फेब्रुवारीत आम्ही पाच दिवस कोकण किनाऱ्याने फिरून आलो, असं सांगितलं की डोंबिवलीतल्या मैत्रिणी दोन प्रश्न विचारतात. पहिला, "टिकलीला कुठे ठेवलीत?" तिला बरोबरच नेली होती म्हटलं की दुसरा, "मग आक्का? त्यांच्या जेवणाचं कसं जमवलंत?" दोन्हींचं उत्तर एकच आहे. आम्ही कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली होती. घराचा एक तुकडा चाकांवर ठेवून नेला, त्यामुळे सासूबाईंचा नियमही सांभाळला गेला आणि कुत्रीही घरातच राहिली.

पण हे प्रवासवर्णन नाही. या प्रवासात माझं एक मत तयार झालं आणि ते तयार होण्याची किंमत आमच्याऐवजी टिकलीने मोजली, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी आक्कांबद्दल. वय शहात्तर, माहेर-सासर दोन्ही सांगली भागातलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ रात्रिभोजनत्याग. कंदमूळ नाही, बाहेरचं शिजवलेलं नाही, गाळल्याशिवाय पाणी नाही. अशा बाईने तीस वर्षं डोंबिवलीत राहून समुद्र किती वेळा पाहिला असेल? रेतीबंदरची खाडी वगळली तर दोनदा, आणि दोन्ही वेळा सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परत. हॉटेलवाल्याला "संध्याकाळी सहाच्या आत, कांदा-लसूण-बटाटा नाही, पाणी गाळलेलं" हे सांगण्यापेक्षा घरी बसणं त्यांना सोपं वाटायचं. आपल्यातल्या किती आज्या आणि सासवा अशाच घरी बसल्या आहेत, मोजा एकदा.

आणि टिकली. चार वर्षांपूर्वी ऐन पावसात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू. अंगाने तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. मुलाने वर आणली आणि ती राहिली. आक्कांनी विरोध केला नाही, पण नोंदवला. "हिंसक जनावर पाळणं हा अनर्थदंड आहे," असं त्या एकदाच म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं. श्रावकाचाराच्या ग्रंथांत मांजरासारखे शिकारी प्राणी पाळण्याला निष्कारण हिंसेला हातभार लावणं म्हटलं आहे. त्यानंतर चार वर्षं आक्कांनी टिकलीला कधी उपाशी राहू दिलं नाही आणि कधी हातही लावला नाही. पोळीचा तुकडा वरून सोडायच्या.

कॅम्परव्हॅन म्हणजे आतून काय असतं, हे मलाही माहीत नव्हतं. दोन बिछाने, गॅसची शेगडी, छोटं सिंक, पाण्याची टाकी, एक लहान फ्रिज आणि कोपऱ्यात संडास. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा मी ती बातमी वाचून पान उलटलं होतं. हे हौशी लोकांचं काम, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात व्हॅनमधली ती शेगडी माझ्यासाठी समुद्राइतकीच मोठी गोष्ट ठरली. संध्याकाळी पाच वाजता गाडी सावलीत लावायची, ताजी घावनं आणि खोबऱ्याची चटणी करायची, साडेपाचला सगळ्यांनी जेवायचं आणि मग किनाऱ्यावर जाऊन सूर्य बुडताना बघायचा. इतरांच्या रात्रीच्या जेवणाची चौकशी सुरू व्हायची तेव्हा आमची भांडी घासून झालेली असायची. फेब्रुवारीतला सूर्यास्त आणि अंथऊ यांचं इतकं छान जमतं, हे मला पन्नाशीत कळलं.

टिकलीच्या जेवणाचंही सांगते, कारण तेही विचारलं जातं. ती घरी शाकाहारीच आहे. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या घरचं खात आल्यामुळे त्याला भात-पोळी पचवता येते, मांजराचं तसं नाही. तरी नुसती दूध-पोळी पुरत नाही. आम्ही डॉक्टरांना विचारून डाळ, पनीर, लाल भोपळा आणि तयार शाकाहारी खाद्य यांचं प्रमाण ठरवलं आहे. एक गंमत म्हणजे कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात, त्यामुळे आपलं स्वयंपाकघर त्या बाबतीत आपोआपच सुरक्षित. उलट आमच्या सांगलीचे बेदाणे! तेही कुत्र्याला घातक. प्रवासात सुक्या मेव्याचा डबा सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला होता.

तर निघालो. डोंबिवलीहून शिळफाटा, पनवेल, वडखळ, माणगाव करत दिवेआगर. पहिला दिवस इतका सुरेख गेला की मुलाने तिथेच पुढचा नकाशा आखला: हरिहरेश्वर, मग खाडी ओलांडून वेळास, आंजर्ले, हर्णै, दाभोळहून पुन्हा फेरीबोट, गुहागर आणि शेवटी गणपतीपुळे. आक्का ऐकत होत्या. पहाटे किनाऱ्यावर चटई टाकून त्यांनी सामायिक केली आणि उठताना म्हणाल्या, "आज माझी हद्द हरिहरेश्वर. त्याच्यापुढे नाही."

मुलगा हसला. त्याला वाटलं, आजीला थकवा आला. मी मात्र ओळखलं. ते देशव्रत होतं. दिग्व्रतात आयुष्यभरासाठी दिशांची मर्यादा घालतात, देशव्रतात त्यातलीच एखाद्या दिवसापुरती आणखी छोटी करतात. का? तर आपण जिथे जाऊ तिथे आपल्यामुळे काहीतरी चिरडलं जाणार, तुटणार, मरणार. जिथे जाणारच नाही, तिथली हिंसा आपल्या खात्यावर येत नाही. दशलक्षणात प्रवचनात हे कितीतरी वेळा ऐकलं आहे. पण प्रवासाला निघालेल्या माणसाला ते आठवत नाही. मलाही दुपारपर्यंत विसरायला झालं.

हरिहरेश्वरला देवळामागून खाली समुद्राकडे उतरणारी प्रदक्षिणेची वाट आहे. लाटांनी झिजवलेले खडक, पायऱ्या, एका बाजूला कडा. ओहोटीतच जाता येतं. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती, दुपारचा एक वाजत आला होता आणि मुलगा म्हणाला, "आत्ताच जाऊया, नंतर पाणी वाढेल." आक्का देवळाबाहेर सावलीत बसल्या. टिकलीला त्या खडकांवरून न्यायचं कसं? "राहू दे गाडीत, दहा मिनिटांत येतो," असं मीच म्हणाले. गाडी झाडाखाली होती. काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवल्या. वाटीत पाणी होतं. मला वाटलं, मी सगळी काळजी घेतली.

दहा मिनिटांची पाऊण तास झाली. वाट निसरडी, त्यात फोटो. आम्ही परत आलो तेव्हा झाडाची सावली सरकली होती आणि गाडी पूर्ण उन्हात होती. पाण्याची वाटी उपडी झाली होती. टिकली दाराशी आडवी पडली होती. जीभ गडद लाल, तोंडातून फेसाळ लाळ, डोळे उघडे पण बघत नव्हते. मी हाक मारली तर शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही.

नंतर मी हे सगळं समजून घेतलं, आधी घ्यायला हवं होतं. बाहेर तीस अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत चाळीस अंशांच्या आसपास जातं आणि पुढे वाढतच राहतं. काच थोडी उघडी ठेवल्याने जवळजवळ काही फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंग थंड ठेवतो आणि आतली हवाच तापलेली असेल तर धापा टाकून उपयोग नसतो. त्याचं नेहमीचं तापमान अडतीस-एकोणचाळीस अंश असतं. एक्केचाळीसच्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात.

आम्ही तिला बाहेर सावलीत घेतलं. मुलगा पशुवैद्यकाला फोन लावत होता, हे पाणी आणायला धावले आणि मी नुसतीच रडत होते. तेवढ्यात आक्का आल्या. काही विचारलं नाही. खाली मातीत बसल्या, आपल्या लुगड्याचा पदर बादलीत बुडवला आणि टिकलीच्या पोटावर, काखेत, पंजांवर फिरवायला लागल्या. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात तिला लागला. फोनवरचे डॉक्टर सांगत होते, बर्फ नको, साधं पाणी, वारा घाला आणि लगेच घेऊन या. आक्का पदर भिजवत होत्या आणि वाकून तिच्या कानात णमोकार म्हणत होत्या.

तुम्हाला जीवंधरकुमाराची कथा आठवत असेल. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी मारून अर्धमेला केलेला एक कुत्रा त्याला दिसला. जीवंधराने त्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र म्हटला आणि तो जीव पुढे सुदर्शन नावाचा यक्ष झाला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला यक्ष आवडायचा. त्या दिवशी मला त्या कथेतली माणसं दिसली. कुत्र्याला त्या अवस्थेत आणणारी माणसं. या वेळी ती आम्ही होतो.

टिकली वाचली. श्रीवर्धनला नेली, सलाईन लावलं, रात्री तिने मान उचलून पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. त्या दिवशी मी आक्कांना म्हटलं, "तुम्ही म्हणाला होता ते खरं. कुत्रं पाळायलाच नको होतं." त्या टिकलीकडे बघत म्हणाल्या, "पाळणं अनर्थ नव्हतं गं. कालचं ते पाऊण तास फिरणं अनर्थ होतं. त्याची काय गरज होती?"

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. आपल्यात कुत्र्याचा विषय निघाला की वाद नेहमी एकाच जागी अडतो: घरात ठेवावं की ठेवू नये, देवघराजवळ येऊ द्यावं की नाही, शिवलं तर काय. मला आता वाटतं की आपण चुकीच्या प्रश्नावर भांडतो. ज्याला आपण आधीच घरात घेतलं आहे त्या जिवाशी कसं वागायचं, याची यादी आपल्याकडे तयार आहे आणि ती कुणी उघडून बघत नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण शिबिरात पाठ केले होते ना? बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं लादणं आणि खाणंपिणं अडवणं.

नीट वाचलं तर कळतं, ही यादी मुख्यतः शिकाऱ्यासाठी किंवा कसायासाठी नाही. जीव घेणाऱ्याला सूक्ष्म अतिचार सांगायची गरजच नसते. ही यादी आहे दारात जनावर असलेल्या श्रावकासाठी. बैल, घोडा, गाय बाळगणाऱ्या, स्वतःला अहिंसक समजणाऱ्या, "आम्ही काही कुणाला मारत नाही" म्हणणाऱ्या भल्या माणसासाठी. म्हणजे माझ्यासाठी. मी टिकलीला बंद केलं होतं आणि माझ्या निष्काळजीपणामुळे तिला पाणी मिळालं नव्हतं. एका दुपारी पाचांतले दोन अतिचार, आणि हातात देवळाचे फोटो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. त्या कायद्याच्या अकराव्या कलमात काय काय गुन्हा आहे, पाहा: मारणं, झेपणार नाही इतकं राबवणं किंवा लादणं, विनाकारण फार काळ साखळीने बांधून ठेवणं, यातना होतील अशा रीतीने वाहून नेणं, पुरेसं अन्नपाणी न देणं, अवयव तोडणं. आपले पाचही त्यात आहेत. शेकडो वर्षांपूर्वी आचार्यांनी श्रावकाच्या नित्याच्या प्रतिक्रमणासाठी जे सांगितलं, तेच सरकारला पुढे कायदा म्हणून लिहावं लागलं. आपण ते अगोदरच पाळत असतो तर अभिमानाने सांगता आलं असतं.

आता माझं मत. समुद्रावर कुत्र्याला घेऊन जाण्याची हौस वाढते आहे. मोबाईलवर रोज दिसतं: व्हॅनच्या टपावर बसलेला कुत्रा, गॉगल घातलेला कुत्रा, पक्ष्यांच्या थव्यात मोकळा सोडलेला कुत्रा. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला आपल्यातले "कुत्रं म्हणजे पापच" म्हणणारे. मला दोन्ही पटत नाही. न्यायचं असेल तर न्या. पाच दिवस कुलूपबंद घरात किंवा अनोळखी पिंजऱ्यात ठेवण्यापेक्षा ते बरं. पण मग प्रवास त्याच्या अंगाने आखा, आपल्या यादीने नाही. दुपारी अकरा ते चार गाडी सावलीत आणि एक माणूस कायम त्याच्याजवळ. तो माणूस जे बघायचं राहील ते राहील. आम्ही दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लावल्या. त्यामुळे मी एक किल्ला पाहिला नाही. काही बिघडलं नाही.

अतिभारारोपण म्हणजे फक्त पाठीवरचं पोतं नव्हे, हेही मला आता वाटतं. नको असताना लाटेत ओढणं, रीलसाठी पुन्हा पुन्हा पळायला लावणं, दिवसाला दोनशे किलोमीटर हलत्या गाडीत ठेवणं हेही ओझंच आहे. आणि छेद? डॉबरमनचे कान आणि शेपूट केवळ रुबाबासाठी कापून आणलेलं पिल्लू जो पैसे देऊन घेतो, त्याने हा शब्द एकदा स्वतःशी उच्चारून बघावा.

कुत्र्यापुरतंच हे थांबत नाही. हरिहरेश्वरनंतर आम्ही बागमांडल्याहून जंगलजेटीने वेशवीला उतरलो आणि वेळासला गेलो. हे छोटं गाव ऑलिव्ह रिडले कासवांसाठी प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून इथे काम उभं केलं. माद्या थंडीच्या दिवसांत रात्री वाळूत येऊन शंभर-सव्वाशे अंडी घालतात. पूर्वी ती माणसं चोरायची, कोल्ही आणि कुत्री उकरून खायची. म्हणून आता अंडी काढून किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत पुरून ठेवतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. आम्ही गेलो तेव्हा हंगाम नुकता सुरू होत होता. त्या संध्याकाळी पाच पिल्लं होती, तळहाताहून लहान. आक्का दोरीच्या अलीकडे उभ्या राहून हात जोडत होत्या.

टिकली त्या वेळी किनाऱ्यावर नव्हती. मुलाच्या पाळीवर ती गावातल्या अंगणात आंब्याखाली होती. ही आमची हुशारी नव्हती. राहत्या घरच्या वहिनींनी आल्या आल्या सांगितलं होतं, "कुत्रं वाळूत सोडू नका हं." टिकली गुणी आहे, पण वाळू दिसली की तिचे पुढचे पाय आपोआप चालतात. सगळीच घरटी कार्यकर्त्यांना सापडतात असं नाही. एखादं आमच्या गुणी कुत्रीला सापडलं असतं तर तिने खेळ म्हणून उकरलं असतं आणि आम्ही हसत फोटो काढला असता. इथे मला आक्कांचा जुना आक्षेप पुन्हा आठवला. शिकारी प्राणी पाळण्याला अनर्थदंड का म्हटलं असेल, ते कळलं. त्याच्या दातांनी आणि नखांनी जे होईल त्यात पाळणाऱ्याचा वाटा असतो. म्हणून किनाऱ्यावर पट्टा सुटता कामा नये. बंधाचा अतिचार आहे म्हणून मोकळं सोडायचं, असा अर्थ काढू नका. मोकळा वावरता येईल असा लांब पट्टा, गळ्याला न आवळणारा, आणि त्याचं दुसरं टोक आपल्या हातात.

गाडीचंही तेच. दर हंगामात कोकणात वाळूत रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या येतात आणि आपण त्या चालकाला हसतो. पण गाडी रुतली नाही तरी तिच्या चाकांखाली काय गेलं? संध्याकाळी त्याच वाळूवर खेकड्यांची शेकडो बिळं आणि त्यांच्याभोवतीची वाळूच्या गोळ्यांची रांगोळी बघा. आपले मुनी आणि आर्यिका चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात. आपल्याला तेवढं जमणार नाही. निदान तीन टनांची गाडी वाळूच्या अलीकडे थांबवणं तरी जमावं. व्हॅनमधलं साबणाचं पाणी आणि संडासाची टाकीही कुठेही रिकामी करायची नाही. कुत्र्याची घाण पिशवीत उचलायची. आणि गाळलेल्या पाण्याचं म्हणाल तर वेळासच्या विहिरीवर आक्कांनी फडक्यातली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत हलकेच सोडली. घरच्या लहान मुलाने "हे काय?" विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथले होते, तिथे सोडले."

आता एक कठीण प्रसंग. नंतर आम्ही हर्णैला होतो. तिथे बंदरावर मासळीचा मोठा लिलाव होतो. आम्ही तिकडे जाणार नव्हतो, पण रस्त्याकडेच्या वाळवणाजवळून जाताना टिकली तिकडे ओढायला लागली. पट्टा घट्ट धरला. एक वयस्कर कोळीण वाळत घातलेले बोंबील उलटवत होती. ती हसली, म्हणाली, "खाऊ दे की गो, मुकं जनावर," आणि एक छोटा मासा टिकलीपुढे टाकला. मी काही बोलायच्या आत तो संपला होता.

मी काय करायला हवं होतं? तोंडातून ओढून घेतला असता तर तो अन्नपाननिरोध. गप्प राहिले तर ती अनुमोदना. मी केलं नाही, करवून घेतलं नाही, पण मनात "बरं झालं, खाल्लं बिचारीने, इतकी आजारी होती" असं आलं होतं, हे कबूल करते. त्या मावशीला मी काही सुनावलं नाही, याचं मात्र मला वाईट वाटत नाही. तो तिचा किनारा, तिचं पोट, आणि तिने दिलं ते मायेने दिलं. आपण पाहुणे म्हणून जातो आणि नाकाला रुमाल लावून त्यांच्या अंगणातून चालतो, ते मला जास्त खटकतं. आक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुझा नियम तुझ्यापाशी. दुसऱ्याच्या हातावर पाय ठेवून पाळायचा नसतो." संध्याकाळच्या प्रतिक्रमणात मी ती अनुमोदना स्वतःच्या नावावर मांडली. तुमच्यातल्या कुणाला याहून चांगलं उत्तर सुचत असेल तर मला खरंच हवं आहे.

दाभोळची खाडी आम्ही ओलांडली नाही. गुहागर आणि गणपतीपुळे राहिलं. दापोलीहून मंडणगड, महाड करत परत फिरलो. मुलगा सुरुवातीला खट्टू होता. परतीच्या रस्त्यावर त्याने स्वतःहून दर दोन तासांनी गाडी सावलीला थांबवली.

पुन्हा जायचं का? हो. पण पावसाळ्यात नाही. आषाढापासून कार्तिकापर्यंत आपले साधू एका जागी थांबतात, कारण त्या दिवसांत पावलापावलाला जीव असतात. समुद्राचाही एक छोटा चातुर्मास आहे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. तेवढे महिने आपणही त्या बाजूला न गेलेलं बरं.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात परवा आक्कांना घेऊन गेले होते. तिथे श्रीपाळ राजाची कथा चितारलेली आहे. गलबतावरून समुद्रात ढकलला गेलेला श्रीपाळ नवपदांचं स्मरण करत ठाण्याच्या किनाऱ्याला लागतो. आक्का त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, राजाकडे बघत असतील. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्याला पाठीवर घेऊन आणणारं ते पाण्यातलं जनावर. त्याचं नाव कुणी लिहिलं नाही बघ."

घरी आलो तर टिकली दारात होती. आक्कांनी पोळीचा तुकडा काढला आणि या वेळी खाली वाकून हातातून दिला.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.